रस्त्याकडेचे वीरगळ: फलक लावण्याआधी दगड वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाजवळच्या रस्त्याचं रुंदीकरण होणार आहे. फाट्यावरच्या वडाखाली पाच कोरीव दगड आहेत. त्यांतले दोन अर्धेअधिक जमिनीत गाडलेले, एकावर शेंदराचा जाड थर. तिघांवर चौकटी-चौकटींत लढाईची चित्रं आणि गायी आहेत, चौथ्यावर बांगड्या घातलेला हात आहे आणि पाचव्यावर गाढव. गावकऱ्यांना हे दगड देवळाजवळ नेऊन मांडायचे आहेत आणि शेजारी 'शिवरायांच्या मावळ्यांचे स्मारक' असा फलक लावायचा आहे. दगड खरंच त्या काळचे आहेत का, हलवावेत का, आणि फलकावर काय लिहावं, हे तुम्ही विचारलं आहे.

तुमची शंका रास्त आहे. वर्णनावरून हे तीन वीरगळ (लढताना मेलेल्या वीरांचे स्मारकदगड), एक सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचं स्मारक) आणि एक गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड) दिसतात, आणि बहुधा ते शिवकाळाच्या तीनशे ते पाचशे वर्षं आधीचे असावेत. फोटो नीट आल्याशिवाय याहून पुढे जाणार नाही. पण फलकाबद्दल माझं मत आत्ताच सांगतो: दगडावर जे नाही ते फलकावर लिहू नका. गावासाठी मेलेल्या कुणा माणसाचा हा दगड आहे. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. त्याच्यावर एखाद्या प्रसिद्ध लढाईचं नाव चिकटवलं की गावाचा मान वाढल्यासारखा वाटतो, पण तो खरा माणूस दुसऱ्यांदा मरतो. गेली पंचवीस वर्षं मी रस्त्याकडेचे, ओढ्याकाठचे, शेताच्या बांधावरचे दगड नोंदवत फिरतो आहे आणि या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. ऊन, पाऊस आणि धुणं सोसून आठशे वर्षं टिकलेला दगड एका चुकीच्या फलकाने मुका होतो, कारण त्यानंतर त्याला कुणी काही विचारत नाही.

आता दगड कसा वाचायचा ते पाहू. 'वीरगळ' या शब्दातला 'गळ' म्हणजे कन्नडमधला 'कल्लु', दगड. वीराचा दगड. तो खालून वर वाचायचा असतो, आणि इथेच पहिली चूक होते, कारण आपले डोळे सवयीने वरून खाली येतात. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. हा त्याचा मृत्यू. तिथेच गायींची रांग असेल तर तो गोधन वाचवताना पडला. शत्रूने किंवा चोरट्यांनी गावची गुरं हाकून नेणं ही त्या काळची नेहमीची आपत्ती होती, आणि गुरं गेली की शेती, दूध, खत सगळंच जायचं. तुमच्या दगडांवर गायी आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून राजाच्या मोठ्या लढाईपेक्षा गावच्या वेशीवर झालेली झटापट मला जास्त संभवते. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई असते. हातात काय आहे ते पाहा: ढाल-तलवार, भाला, धनुष्य की कट्यार. वीर पायी आहे की घोड्यावर? डोक्यावर छत्र धरलंय का? छत्र असेल तर माणूस कुणी सरदार-सामंत असावा. एकटा वीर आणि समोर तिघे-चौघे असतील तर शिल्पकाराने त्याचं शौर्य असं मांडलं आहे, शत्रूंची ती मोजणी समजू नका. कधी माणसांऐवजी समोर वाघ किंवा रानडुक्कर असतो. अशा दगडाला लोक नवल म्हणून पाहतात, पण गावावर आलेल्या श्वापदाशी झुंजून मेलेल्याला तोच मान होता.

तिसऱ्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही हातांना धरून वर नेत असतात, कधी विमानात बसवून. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो, बाजूला पुजारी, क्वचित नंदी. काही ठिकाणी लिंगाच्या जागी तीर्थंकर किंवा दुसरी देवता असते, त्यावरून वीराच्या घरचा पंथ कळतो. वर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहो. एक दगड म्हणजे अशी पूर्ण गोष्ट असते, आणि ती अक्षर न येणाऱ्या माणसालाही वाचता यायची. म्हणून तर हे दगड वेशीवर, फाट्यावर, पाणवठ्याच्या वाटेवर उभे केले. जाणाऱ्या-येणाऱ्याने पाहावं हाच हेतू होता.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. कर्नाटकात परिस्थिती वेगळी आहे. तिथे पुष्कळ दगडांवर वीराचं नाव, राजा, तिथी कोरलेली सापडते. आपल्याकडे लेख नसल्याने काळ ठरवायचा तो शैलीवरून: केसांचा अंबाडा, शस्त्रांचा आकार, चौकटींच्या मधल्या पट्ट्या, कलशाची घडण, आणि शेजारी त्याच काळचं देऊळ आहे का यावरून. अशा अंदाजाने शतकं सांगता येतात, साल सांगता येत नाही. शिलाहार आणि यादव राजवटीत, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकात, ही प्रथा जोरात होती. नंतरही ती चालू राहिली, पण मराठेशाहीच्या काळात नामवंत माणसाचं स्मारक बहुधा समाधी, छत्री किंवा वृंदावन या रूपात होऊ लागलं. तुमच्या दगडावर कुणाच्या हातात बंदूक दिसली तर मात्र मी माझं मत बदलेन. ती नीट शोधा.

इथे एकसरचं उदाहरण द्यायला हवं. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर चक्क आरमारी लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेली लांब जहाजं, वर सैनिक. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांचं युद्ध सुमारे १२६५ मध्ये झालं. त्यात सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, असं महादेवाचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याच्या प्रशस्तीतून कळतं. एकसरचे दगड त्याच युद्धाचे, असं बहुतेक जण सांगतात आणि ते पटण्यासारखंही आहे. तरी त्या दगडांवर सोमेश्वराचं नाव वाचता येत नाही, आणि काही अभ्यासकांना हा संबंध मान्य नाही. इतक्या ठळक पुराव्याच्या ठिकाणीसुद्धा प्रामाणिक फलकाला 'मानले जाते' असंच लिहावं लागतं. मग आपल्या फाट्यावरच्या दगडाला आपण कुणाचं नाव ठामपणे कसं देणार?

तुमच्या गधेगळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा दगड सगळ्यांत दुर्लक्षित असतो आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलका. त्यावर गाढव आणि स्त्री यांचं चित्र असतं. पाहणाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं. पुष्कळ गावांत तो पालथा घातलेला, तोंड भिंतीकडे केलेला किंवा ओढ्यात टाकलेला सापडतो. एका गावात तर तो पायरीला लावला होता आणि चित्र खालच्या बाजूला होतं. पायरी दुरुस्त करताना उलटला तेव्हा कळलं. तो दानशासनाचा दगड आहे. राजाने किंवा सामंताने जमीन, गाव किंवा कर देवळाला अथवा ब्राह्मणाला दिला की ते दान पुढच्या कुणी मोडू नये म्हणून खाली शाप लिहायचा: जो हे मोडेल त्याच्या आईची अशी विटंबना होवो. वाचता न येणाऱ्यासाठी तोच शाप चित्रात. म्हणजे हा दस्तऐवज आहे, आणि त्यातली धमकी कायद्याच्या कलमाची जागा घेते. शापाचा भार एका बाईच्या देहावर टाकावा हे त्या समाजाबद्दल पुष्कळ सांगतं. फलकावर ते झाकू नका आणि रंगवूही नका. 'दान मोडणाऱ्यास दिलेला शाप दर्शविणारे शिल्प' एवढं सरळ वाक्य पुरतं. शाळेतल्या मुलांना समजावतानाही मला कधी अडचण आली नाही. मोठी माणसंच जास्त अवघडतात.

गधेगळीवर लेख असण्याची शक्यता वीरगळापेक्षा बरीच जास्त असते. म्हणून त्या दगडाचा जमिनीत गेलेला भाग महत्त्वाचा आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा दगड वर्षानुवर्षं असाच रस्त्याकडेला उभा होता. त्यावर शके ९३४चा, म्हणजे १०१२ सालचा, शिलाहार केसिदेवाचा मराठी लेख आहे. मराठीच्या इतिहासातला इतका मोलाचा पुरावा, आणि शेजारून माणसं रोज जात-येत होती.

लेख सापडलाच तर साल तपासायची एक साधी रीत सांगतो. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो; जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची तिथी असेल तर ७९. लेखात संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नावही असेल तर ताळा पाहता येतो. शक वर्षात १२ मिळवा, ६०ने भागा, जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचा संवत्सर, प्रभवपासून मोजून. (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.) शके १५९६ घ्या: १६०८ला ६०ने भागून ४८ उरतात, अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, आणि शिवराज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला. आता आक्षी: ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६, सेहेचाळिसावा परिधावी, आणि दगडावर 'प्रधावी' हेच नाव आहे. अशी दोन टोकं जुळली की आकड्याच्या वाचनावर भरवसा ठेवता येतो. एका वर्षाचा फरक पडला तर घाबरू नका, जुन्या लेखांत कधी सरलेलं वर्ष देतात तर कधी चालू. पण दहा-वीस वर्षांचा फरक येत असेल तर एखादा आकडा चुकीचा वाचला आहे असं समजा. मराठेशाहीतल्या लेखात सुहूर सन आढळला तर त्यात ५९९ किंवा, इसवी वर्ष बदलल्यानंतरच्या महिन्यांत, ६०० मिळवायचे. सुहूर १०७५ म्हणजे १६७४.

साल कळलं तरी आणखी एक सावधगिरी हवी. दगडात सांगितलेली घटना आणि दगड कोरल्याचा काळ एकच असतो असं नाही. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' (चावुण्डराजाने करवलं) ही मराठी ओळ आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीची, म्हणून ओळही तेव्हाची असं धरून तिला मराठीतलं पहिलं वाक्य म्हणायची पद्धत पडली. पण तिच्या जोडीला 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें' (गंगराजाने भोवतीचा प्राकार करवला) अशी दुसरी ओळ आहे, आणि गंगराज बाराव्या शतकातला. दोन्ही ओळींचं अक्षर एकाच हातचं दिसतं, म्हणून अनेक अभ्यासक दोन्ही एकाच वेळी, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कोरल्या असं मानतात. 'पहिला', 'सर्वांत जुना', 'एकमेव' हे शब्द फलकावर लिहू नका, असं मी प्रत्येक गावाला सांगतो ते याच कारणाने.

सतीशिळेच्या बाबतीत लिहिताना कायद्याचं भान ठेवा. कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला, पंजा उभा असलेला हात ही तिची खूण. तिच्या शेजारच्या वीरगळाशी तिचा संबंध असू शकतो, पण दोन दगड शेजारी आहेत एवढ्यावरून नवरा-बायको ठरवू नका. दगड नंतर एकत्र आणून ठेवलेले असतात. मुंबई इलाख्यात सती प्रथा १८३० मध्ये बेकायदा झाली आणि १९८७च्या सती प्रतिबंधक कायद्याने तिचं उदात्तीकरणही गुन्हा आहे. त्यामुळे 'महान पतिव्रता', 'सतीमातेचे पवित्र स्थान' असली भाषा नको. पतीच्या चितेवर जिचा अंत झाला त्या स्त्रीचं हे स्मारक, असं लिहा. तिचंही नाव आपल्याला माहीत नाही, हेही लिहा.

आता प्रत्यक्ष काम. दगड साफ करायचा उत्साह गावात सगळ्यांत आधी येतो, आणि सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. तारेचा ब्रश, ॲसिड, ग्राइंडर, पाण्याचा जोराचा फवारा यांतलं काहीही नको. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, चुना किंवा पीठ भरायची सवय आहे; तीही सोडा. पीठ राहिलं की बुरशी आणि मुंग्या येतात, आणि खडू भरणारा आपल्याला जे वाचायचं आहे तेच अक्षर भरतो. पुढच्या प्रत्येक फोटोत मग तीच चूक दिसते. ऑइलपेंट तर मुळीच नको. शेंदराला हात लावू नका. तो गावाचा देव आहे, आणि शेंदराचं कवच कधी तरी आपोआप सुटून पडतं तेव्हा खालची नक्षी पुष्कळदा शाबूत निघते. भाविकांना विश्वासात घेऊन एवढंच सांगा की यापुढे तेलातला रंग चढवू नका.

वाचण्यासाठी सगळ्यांत चांगलं साधन म्हणजे अंधार आणि टॉर्च. चंद्र नसलेल्या रात्री जा. कॅमेरा किंवा फोन दगडासमोर तिवईवर स्थिर ठेवा आणि एकाने टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकावा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, वरून, खालून. दिवसा सपाट दिसणाऱ्या जागेवर सावल्या पडतात आणि रेघा उभ्या राहतात. चौकटींच्या मधल्या आडव्या पट्ट्यांवर जास्त वेळ थांबा, लेख असला तर बहुधा तिथे असतो. एका गावी दोन तास असा प्रकाश फिरवल्यावर मला तीन अक्षरं मिळाली होती, चौथं नाही. मी अहवालात तीनच लिहिली. कागद भिजवून, ब्रशने ठोकून, शाई लावून ठसा घेण्याची जुनी पद्धत उत्तम आहे, पण ती शिकलेल्या हातानेच करावी; नवख्याच्या हातून शाई दगडात उतरते.

दगड हलवण्याबद्दल: टळत असेल तर हलवू नका. वेशीवरचा दगड वेशीवर आहे म्हणून वेशीचा साक्षीदार आहे. रुंदीकरणाच्या आराखड्यात वड आणि दगड वाचवता येतात का, हे ग्रामपंचायतीचा ठराव करून सार्वजनिक बांधकाम विभागाला वेळेत विचारा. काम सुरू झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. त्याच वेळी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांना फोटोंसह लेखी कळवा. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीची गरज असते, तिथे चौथरासुद्धा मनाने बांधता येत नाही. खोदताना जमिनीतून काही नवं निघालं तर १८७८चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा लागू होऊ शकतो, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कोरीव दगड ही १९७२च्या कायद्याने पुराणवस्तू आहे. ती कुणाच्या बंगल्याच्या बागेत जाऊ शकत नाही, हे कंत्राटदाराला आधीच सांगितलेलं बरं.

हलवावाच लागला तर आधी नोंद. प्रत्येक दगडाचे चारही बाजूंनी मोजपट्टीसह फोटो, जीपीएस, तोंड कोणत्या दिशेला आहे, जमिनीच्या वर किती आणि आत किती, शेजारच्या दगडापासून अंतर. हे सगळं कागदावर लिहून एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवा. उचलताना साखळी नको. गोणपाट गुंडाळून रुंद नायलॉनचे पट्टे वापरा, आणि यंत्राच्या बकेटचे दात दगडाला लागू देऊ नका. नव्या जागी तोंड त्याच दिशेला ठेवा. बसवताना सिमेंट टाळा. सिमेंटमध्ये ओल अडकते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय उद्या तो पुन्हा काढावा लागला तर तुटल्याशिवाय निघत नाही. वाळू आणि चुन्याचा थर पुरतो. देवळाच्या भिंतीत तर अजिबात चिणू नका. काही वीरगळ चारी बाजूंनी कोरलेले असतात, भिंतीत गेले की तीन बाजू कायमच्या गेल्या.

एक काम मात्र यंत्र, टॉर्च, कायदा या कशानेही होत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, आणि बायकांशी आवर्जून. या दगडांना नैवेद्य कोण दाखवतं? कोणत्या दिवशी? एकाच भावकीचा मान आहे का? शेजारच्या शेताला काय म्हणतात, त्या जमिनीला कधी इनाम होतं का? मला एका ठिकाणी कळलं की अमुक दगडाला फक्त एकाच घरातून दिवाळीच्या पाडव्याला दिवा येतो आणि त्या घराला त्याचं कारण माहीत नाही; सासू लावायची म्हणून सून लावते. यावरून तो वीर त्याच घरचा असं सिद्ध होत नाही. पण ही आठवण नोंदवण्याजोगी आहे, 'गावातील परंपरा' म्हणून, आणि ती सांगणारं माणूस गेलं की ती गेली. जमिनीच्या बाबतीत पुण्याच्या पुराभिलेखागारात इनामाचे मोडी कागद मिळू शकतात, आणि मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये तालुक्याचं वर्णन पाहून ठेवा. कधी कधी तिथे एका ओळीत आपलाच दगड भेटतो.

शिवकाळाचा आग्रह धरणाऱ्या मंडळींना दुखवू नका. त्यांची भावना खरी आहे. गावाने इतिहासात भाग घेतला, हे त्यांना म्हणायचं आहे. त्यांना सांगा की हा दगड त्याहून जुना असू शकतो आणि गावासाठी मरायची रीत इथे शिवाजी महाराजांच्या आधीपासून होती. मी सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचा दाखला देतो. पहिल्या महायुद्धात त्या गावातले ४६ जवान कामी आले. त्या युद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत छोट्या शिळा लावल्या: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. त्या शिळांवर नुसता आकडा असतो. वीरगळावर चित्र आहे, नाव नाही; या शिळेवर संख्या आहे, नाव नाही. फरक एवढाच की त्या सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत अजून शोधता येतात. तुमच्या गावात अशी शिळा असेल, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत पाहा, तर ते काम वीरगळाइतकंच निकडीचं आहे. तिथे नावं लिहिता येतील, आणि ती लिहावीत.

फलक दगडापासून थोडा दूर, बाजूला असावा. दगडाला टेकून नको, त्याच्यावर तर नकोच. चार पावलं मागे उभं राहून वाचता येईल इतकं अक्षर. रस्त्याच्या वळणावर नको, गाडी बाजूला घेऊन थांबता येईल अशा जागी हवा. देणगीदारांची नावं लिहायचीच असतील तर मागच्या बाजूला. मजकूर साठ-सत्तर शब्दांच्या पुढे गेला की लोक वाचत नाहीत. मी तुमच्यासाठी कच्चा मसुदा देतो, फोटो पाहून त्यात बदल करू:

'येथील तीन शिळा वीरगळ आहेत. लढताना मृत्यू आलेल्या वीरांची ही स्मारके. चित्रे खालून वर पाहावीत: मृत्यू, लढाई, स्वर्गारोहण, शिवपूजा. गायींच्या चित्रांवरून गोधन वाचवताना हे वीर पडले असावेत. शैलीवरून काळ अंदाजे बारावे ते चौदावे शतक. चौथी सतीशिळा, म्हणजे पतीच्या चितेवर अंत झालेल्या स्त्रीचे स्मारक; पाचवी गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्यास दिलेला शाप दर्शविणारी शिळा. वीरांची आणि स्त्रीची नावे ज्ञात नाहीत. शिळांखाली धन नाही. कृपया रंग लावू नये.'

धनाचं वाक्य गावकऱ्यांना विचित्र वाटेल, पण ते ठेवा. गुप्तधनाच्या लोभाने रात्री खणून उलटून टाकलेले वीरगळ मी स्वतः पाहिले आहेत, आणि तसा एक दगड पडताना मधोमध दुभंगला होता.

अमावस्येच्या आसपास जमेल त्या रात्री बाजूच्या प्रकाशातले फोटो काढा. आधी गधेगळ घ्या, आणि तिच्या पायथ्याची माती हाताने, फावड्याशिवाय, वीतभर सरकवून पाहा. अक्षर दिसलं तर तिथेच थांबा, माती परत लोटा, वर ताडपत्री टाका आणि सहायक संचालकांच्या कार्यालयाला सकाळीच कळवा.